पोटात पाय, पाठीवर चुना

मार्चमध्ये आणलेल्या दोन पिवळ्या गोगलगायींपैकी एकीच्या शंखाच्या टोकाला जूनपर्यंत भोक पडलं. आधी टोकाची चकाकी गेली, मग तिथे खडूसारखा पांढरा डाग आला, आणि एका सकाळी काच पुसताना जवळून पाहिलं तर डागाच्या मधोमध टाचणीचं डोकं मावेल एवढा खड्डा होता. ती मात्र रोजच्यासारखी काचेवरून चालत होती. दुसरी चार दिवस शंखाचं दार लावून वाळूत पडून राहिली. पाचव्या दिवशी बाहेर काढून हुंगली तेव्हा कळलं की ती गेली आहे. मेलेल्या गोगलगायीचा वास एकदा आला की पुन्हा कधी शंका राहत नाही.

दुकानात मला एकच प्रश्न विचारला गेला होता. "ताई, पिवळी देऊ की निळी?" मीही रंगच पाहिला होता. त्यानंतरचं दीड वर्ष मी वाचत, विचारत आणि पाहत काढलं. त्यातून माझं मत पक्कं झालं आहे. नवी मुंबईत काचेच्या टाकीसाठी गोगलगाय निवडायची तर रंगाचा विचार सगळ्यात शेवटी करावा. आधी बघायचं ते आपल्या नळाला कुठलं पाणी येतं, आणि तिची पिल्लं उद्या कुठे जाणार.

पाण्यापासून सुरुवात करते, कारण माझी गोगलगाय पाण्यानेच खाल्ली.

नवी मुंबई महापालिकेकडे स्वतःच्या मालकीचं धरण आहे, असं भाग्य फार थोड्या शहरांना लाभलं आहे. खालापूर तालुक्यात धावरी नदीवरचं मोरबे धरण पालिकेने २००२ साली विकत घेतलं. ते ८८ मीटरच्या पातळीला भरलं की जलपूजन होतं, वर्तमानपत्रांत फोटो येतात. भोकरपाड्याच्या केंद्रात शुद्ध होऊन ते पाणी आपल्या नळाला येतं. हे सगळं पाणी सह्याद्रीच्या उतारावर कोसळणाऱ्या पावसाचं. काळ्या बेसॉल्टच्या कातळावरून ते धो-धो वाहत येतं आणि धरणात साठतं. वाटेत चुनखडक लागत नाही, जमिनीत मुरून वर्षानुवर्षं राहायला सवड मिळत नाही. म्हणून ते हलकं असतं. शाळेच्या पुस्तकात याला सुफेन पाणी म्हणत, साबणाचा फेस पटकन देणारं. डाळ चटकन शिजते, गीझर लवकर खराब होत नाही, केस मऊ राहतात.

माझी मावशी लातूर जिल्ह्यात औशाजवळ राहते. तिच्या बोअरच्या पाण्याने बादलीला आतून पांढरा थर चढतो, स्टीलच्या तांब्यावर डाग पडतात, आणि डाळीत सोडा टाकल्याशिवाय ती शिजत नाही. त्या पाण्याला सगळे नावं ठेवतात. गोगलगायीला विचाराल तर ती मावशीकडे राहायला जाईल.

कारण शंख म्हणजे चुनाच. रसायनाच्या भाषेत कॅल्शियम कार्बोनेट. गोगलगाय तो आपल्या अंगातून, शंखाच्या तोंडाच्या कडेशी असलेल्या मऊ पदरातून थोडा थोडा पाझरवते आणि कड पुढे सरकत जाते. शंखाचं टोक म्हणजे तिचं बाळपण, आणि तोंडाची कड म्हणजे कालची रात्र. वरून एक पातळ सेंद्रिय थर असतो, आपल्या लाकडी कपाटावरच्या पॉलिशसारखा. टोकाकडे तो सगळ्यात जुना आणि झिजलेला असतो. तिथे तो फाटला की आतला चुना उघडा पडतो आणि हलकं, किंचित आम्ल पाणी त्याला विरघळवायला लागतं. वर टाकीतल्या माशांची विष्ठा कुजताना आम्ल तयार होतंच. जड पाण्यात ते आम्ल जिरतं. हलक्या पाण्यात जिरवायला काही नसतं, तेव्हा ते शंखातून जिरतं. माझ्या टाकीत नेमकं हेच चाललं होतं, आणि मासे ठणठणीत असल्यामुळे मला पत्ता नव्हता.

आमच्याकडे पाण्याचं यंत्र दुरुस्त करायला येणारा मुलगा टीडीएस मीटर बुडवून दाखवतो आणि म्हणतो, "पाणी एक नंबर आहे, काकू." पिण्यासाठी आहेच. पण टीडीएसचा आकडा पाण्यात एकूण काय विरघळलंय ते सांगतो, त्यातला चुना किती ते सांगत नाही. त्यासाठी थेंबांची चाचणी मिळते. परीक्षानळीत टाकीचं पाणी घ्यायचं, एकेक थेंब टाकत रंग बदलेपर्यंत मोजायचं. एक थेंब म्हणजे एक अंश, म्हणजे लिटरमागे सुमारे १८ मिलिग्रॅम. जीएच हा कॅल्शियम-मॅग्नेशियमचा आकडा, केएच हा आम्ल जिरवण्याच्या ताकदीचा. गोगलगायींसाठी जीएच ८ च्या आसपास, केएच निदान ४ आणि पीएच ७ च्या वर असावा. माझ्या टाकीत केएचचा रंग दुसऱ्याच थेंबाला बदलला.

ज्यांच्याकडे टँकर येतो त्यांनी ही चाचणी पुन्हा पुन्हा करावी, कारण टँकर प्रत्येक वेळी कुठे भरलाय हे त्यांना कळत नाही. आरओचं पाणी तर टाकीत घालूच नये. त्यातून उरलासुरला चुनाही काढून घेतलेला असतो. आणि तांब्याच्या कळशीत रात्रभर ठेवलेलं पाणी, जे आपण श्रद्धेने पितो, ते गोगलगायीला विष आहे. तांबं तिला अगदी थोड्या प्रमाणातही सोसत नाही. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरच्या काही औषधांत तांबं असतं. बाटलीवरचं वाचल्याशिवाय एक थेंबही टाकू नका.

उपाय सोपा निघाला आणि तो घरच्या घरी होता. शहाबादी फरशी चुनखडकाची असते. तिचा हातभर जुना तुकडा घासून, नुसत्या पाण्याने धुऊन टाकीत उभा केला. काष्ठौषधींच्या दुकानात समुद्रफेस मिळतो. माकूळ नावाच्या सागरी जीवाच्या अंगातलं ते पांढरं, हलकं हाड, पक्षी पाळणारे पिंजऱ्यात टांगतात तेच. त्याचा एक तुकडा फिल्टरमध्ये ठेवला. आधी दोन दिवस तो तरंगतो, मग भिजून बुडतो. गोगलगायी त्यावर बसून तो चक्क खातात, कडेला खरवडल्याच्या रेषा दिसतात. एकदम खायचा चुना मात्र टाकू नये, पीएच उसळून मासेही जातील. समुद्रकिनाऱ्यावरून पोवळ्याचे तुकडे उचलून आणायचा सल्लाही काही जण देतात. प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, तेव्हा तो विचार सोडून द्यावा. तीन आठवड्यांनी केएच पाच थेंबांवर आला.

आता गोगलगायी.

दुकानात ज्या पिवळ्या, निळ्या, जांभळट, हस्तिदंती रंगांत मिळतात, त्या मिस्ट्री स्नेल. शास्त्रीय नाव पोमेसिया डिफ्यूजा, मूळ दक्षिण अमेरिकेतलं. नवख्या माणसाला ही आवडते ते उगाच नाही. लिंबाएवढी होते, दिवसाढवळ्या फिरते, आणि तिला बघत बसावं अशा तिच्या लकबी आहेत. पाण्यात श्वास घ्यायला तिला कल्ला आहे आणि हवेत घ्यायला फुफ्फुसासारखी पिशवी. ती पाण्याच्या पृष्ठभागाखाली येऊन थांबते, मानेच्या डाव्या बाजूने एक मऊ नळी वर काढते आणि अंग आत-बाहेर करत हवा भरून घेते. दहा-पंधरा वेळा. मग नळी गुंडाळते आणि काचेवरून पाय सोडून देऊन तळाला जाते. या नळीसाठी पाण्याच्या वर चार बोटं मोकळी जागा लागते आणि झाकणही लागतं, कारण ती रात्री बाहेर निघते.

बाहेर निघते ती बहुधा अंडी घालायला. नर-मादी वेगवेगळे असतात, पण दुकानातून एकटी आणलेली मादीही पूर्वीच्या मिलनावर कित्येक आठवडे अंडी देऊ शकते. पाण्याच्या रेषेच्या वर, काचेला किंवा झाकणाला गुलाबीसर दाण्यांचा पोळ्यासारखा घोस चिकटलेला सकाळी दिसतो. ताजा असताना ओल्या साबुदाण्यासारखा मऊ, दुपारपर्यंत घट्ट. दोन ते चार आठवड्यांत त्यातून पिल्लं बाहेर पडतात, आणि ती डझनांनी नव्हे, शेकड्यांनी मोजावी लागतात. पिल्लं नको असतील तर घोस घट्ट झाल्यावर सुरीच्या पात्याने अलगद काढून डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवायचा. मी तेच करते. हात कापतो, पण करते. का, ते पुढे सांगते.

दहा लिटरला एक, यापेक्षा जास्त मिस्ट्री ठेवू नयेत. शेवाळावर तिचं पोट भरत नाही. दोडक्याची, दुधीची किंवा काकडीची उकडलेली फोड चांगली धुऊन द्यावी. भाजीवरची कीटकनाशकं तिला झेपत नाहीत. उरलेली फोड सकाळी काढून टाकावी. आपल्याकडे मे महिन्यात पाणी ३१-३२ अंशांवर जातं, आणि गरम पाण्यात ती भराभर वाढते, भराभर म्हातारी होते. वर्ष-दीड वर्ष जगली तर समाधान मानावं.

तिची एक देशी बहीण आहे आणि तिच्याबद्दल मला जास्त प्रेम आहे. प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सी झालेल्या कुणालाही 'पायला' म्हणून बघा. त्याच्या डोळ्यांसमोर विच्छेदनाचा मेणाचा ट्रे उभा राहील. पायला ग्लोबोसा, भारतातली सफरचंदी गोगलगाय. बैनी प्रशाद यांनी १९२५ साली तिच्या शरीररचनेवर जो प्रबंध लिहिला, त्यानंतर आपल्या देशातल्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या तिच्यावर शिकल्या. तळ्यांत, भातखाचरांत राहते. पाणी आटलं की चिखलात शिरून दार लावून घेते आणि पावसाची वाट पाहत महिनोन्‌महिने निजते. ते दार ओळखायची खूण आहे. पायलाचं दार चुन्याचं, टणक, पांढरट. पोमेसियाचं दार शिंगासारखं तपकिरी, नखाने दाबलं तर किंचित लवणारं. पायला पांढरी अंडी काठच्या ओल्या मातीत घालते, काचेवर नाही. पनवेलच्या शेतातून आणून ती टाकीत सोडावी असं वाटणाऱ्यांना मी सांगेन की नका सोडू. ती पाणवनस्पतींचा चार दिवसांत फडशा पाडते, आणि रानातून आणलेल्या गोगलगायीबरोबर दुसरंही काही येऊ शकतं.

हे दुसरं काही म्हणजे काय, याची आपल्याच महाराष्ट्रात घडलेली गोष्ट आहे आणि ती फार कमी लोकांना ठाऊक आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लोकांच्या लघवीतून रक्त जात असे. १९५२ साली गाडगीळ आणि शहा या डॉक्टरांनी शोधनिबंध लिहून दाखवलं की हा शिस्टोसोमा या चपट्या कृमीचा आजार आहे. आफ्रिकेत कोट्यवधी लोकांना होणारा हा रोग भारतात नाही, असंच तोवर मानलं जात होतं. कृमीचं अर्धं आयुष्य गोगलगायीत जातं. तिच्यातून बाहेर पडलेली सूक्ष्म पिल्लं पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतात. गिमवीत त्या कृमीला आसरा देणारी म्हणून फेरिसिया टेन्युइस ही गोगलगाय पुढे आली. वेटोळी नसलेला, उलट्या वाटीसारखा शंख, लांबी जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी. पाणवनस्पतींच्या पानाच्या मागे ही किंवा हिच्या नात्यातली चिकटून टाकीत येते आणि लोक तिला खवला समजतात. गुरांमध्ये घोरण्याचा जो आजार होतो, त्याचा कृमी इंडोप्लॅनॉर्बिस एक्झस्टस या आपल्या तळ्यांतल्या चपट्या गोगलगायीतून येतो.

घाबरायचं कारण नाही. कृमीला गोगलगायीखेरीज दुसरा यजमान, माणूस किंवा जनावर, लागतो. टाकीतच जन्मलेल्या गोगलगायींपर्यंत तो पोचत नाही. पण तळ्यातली, ओढ्यातली गोगलगाय उचलून घरच्या टाकीत टाकायची नाही, हे मी आमच्या सोसायटीतल्या मुलांना घोकून घेतलं आहे. टाकीत हात घातला की साबणाने धुवायचा, हेसुद्धा.

न बोलावता येणाऱ्या गोगलगायींना मी शत्रू मानत नाही. रोपांच्या मुळांशी, पानांच्या मागे पारदर्शक जेलीच्या ठिपक्यांतून त्या येतात. नको असतील तर रोपं काही तास तुरटीच्या पाण्यात बुडवून धुवावीत आणि दोन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवावीत. सगळ्यात जास्त येते ती फायसा. ओळखायला शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरा. तोंड डावीकडे उघडलं तर ती फायसा, कारण बहुतेक सगळ्या गोगलगायींचा पीळ उजवा असतो. दुसरी रॅम्सहॉर्न, जिलबीच्या वेटोळ्यासारखी चपटी. तिची लाल जात मला फार आवडते. बाकीच्या गोगलगायींचं रक्त तांबं वाहणाऱ्या द्रव्यामुळे निळसर असतं. हिच्या रक्तात आपल्यासारखं हिमोग्लोबिन असतं, आणि काळा रंग नसलेल्या जातीत ते आरपार दिसतं. कोवळं पिल्लू भिंगातून पाहिलं तर आत हृदय धडधडताना दिसतं. तिसरी शंकूसारखी लांब ट्रम्पेट, मेलानॉइडिस ट्युबरक्युलाटा. हिला दुकानात मलेशियन म्हणतात, पण १७७४ साली म्युलरने हिला नाव दिलं ते आपल्या कोरोमंडल किनाऱ्यावरच्या नमुन्यांवरून. दिवसभर वाळूत नांगरणी करते, रात्री मोबाइलचा दिवा लावला की काचभर दिसते. मादीला नर लागत नाही, ती थेट पिल्लं घालते. भर दिवसा सगळ्या ट्रम्पेट काचेवर चढून पृष्ठभागाशी जमल्या तर पाणी बिघडलं आहे असं समजून लगेच बदलावं. माझ्याकडे कुठल्याही मीटरआधी त्यांनी एकदा हे सांगितलं होतं, पंप बंद पडला त्या दिवशी.

या तिघींची संख्या वाढते ती फक्त आपल्या हाताने. माशांचं जेवढं उष्टं उरेल तेवढ्या गोगलगायी. खाणं निम्म्यावर आणलं की दोन महिन्यांत निम्म्या होतात. काही जण त्यांना खायला असॅसिन गोगलगाय आणतात, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची, आग्नेय आशियातली, दुसऱ्या गोगलगायींना सोंडेने पोखरून खाणारी. ती काम करते. पण जिच्यामुळे घोळ झाला ती जास्त खाणं टाकायची सवय तशीच राहते, म्हणून मी आणली नाही.

राहिली नेराइट. शेवाळ खाण्यात हिच्या तोडीची दुसरी नाही. काचेच्या पलीकडून बघावं, तोंड उघडतं, आतली दातांची पट्टी काचेवर फिरते, बंद होतं. तिच्या मागे हिरव्या काचेवर नागमोडी स्वच्छ वाट उमटत जाते. आपल्या भाषेने गोगलगायीच्या पोटात पाय पाहिले, ग्रीक भाषेतून घडलेल्या तिच्या वर्गाच्या नावाचा, गॅस्ट्रोपोडाचा, अर्थही पोट-पाय असाच. पण काचेमागून नेराइट पाहताना पायापेक्षा हे तोंडच माझी नजर धरून ठेवतं. ती अंडी घालते, पांढरे टणक ठिपके, काचेवर, दगडांवर, दुसऱ्या गोगलगायींच्या पाठीवर. ती गोड्या पाण्यात वाढत नाहीत. पिल्लांना खारं पाणी लागतं.

त्यामुळे पिल्लांचा प्रश्न सुटतो आणि मी नव्या माणसाला पहिली शिफारस हिचीच करते. एक अडचण मात्र मनात टोचते. टाकीत वाढत नाही म्हणजे विकायला येणारी बहुतेक प्रत्येक नेराइट कुठल्या तरी खाडीमुखातून पकडून आणलेली असते. ऐरोलीच्या किनारी जैवविविधता केंद्रात ओहोटीला गेलात तर तिवरांच्या खोडांवर, चिखलावर गोगलगायींचा केवढा संसार आहे ते दिसेल. ठाणे खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. तिथून एकही उचलायची नाही. पण लांबच्या देशातल्या खाडीतली विकत घेताना आपल्याला ते जाणवत नाही. म्हणून दोन घ्याव्यात, दहा नकोत, आणि पाणी आधी नीट करून घ्याव्यात, म्हणजे त्या दोन-तीन वर्षं जगतील.

आता फ्रीजरमधल्या अंड्यांचं. १९९९ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये पश्चिम बंगालमधल्या दोन संशोधकांनी नोंद केली की दुकानांतली ही सोनेरी मिस्ट्री स्नेल त्यांच्या राज्यात आली आहे. तिची सख्खी बहीण पोमेसिया कॅनालिक्युलाटा १९८० च्या सुमारास तैवानमध्ये खाण्यासाठी नेली, ती सुटली आणि आग्नेय आशियातल्या भातशेतीचा काळ झाली. स्पेनच्या एब्रो नदीच्या मुखाशी भातात अशाच पोमेसिया गोगलगायींचा उपद्रव झाल्यावर २०१२ मध्ये युरोपीय संघाने पोमेसियाच्या सगळ्या वंशावर बंदी घातली.

इतकं लांब जायलाही नको. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबादेत सोयाबीन उगवून वर येतंय तोवर शंखी गोगलगायींनी शेतंच्या शेतं खाल्ली. मावशीने फोनवर सांगितलं होतं की रात्री बॅटरी घेऊन बांधावर गेलं तर पायाखाली कटकट आवाज येतो. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं पसरायची, पहाटे त्याखालच्या गोळा करून मिठाच्या पाण्यात टाकायच्या, आणि बांधाच्या कडेने चुन्याच्या भुकटीचा पट्टा ओढायचा. यातली आफ्रिकी गोगलगाय भारतात आली ती १८४७ साली. विल्यम बेन्सन नावाच्या शंखप्रेमी गृहस्थाने मॉरिशसहून दोन जिवंत आणल्या, आणि त्या कलकत्त्यात चौरंगीच्या एका बागेत सुटल्या. हौसेच्या दोन गोगलगायी.

नवी मुंबईत पावसाळी गटारांचं पाणी नाल्यातून सिडकोने बांधलेल्या धारण तलावांत जातं आणि ओहोटीला खाडीत उतरतं. गटारात किंवा नाल्यात टाकलेली अंडी कुठे पोचतील याचा नकाशा इतका सरळ आहे. गावठाणांतल्या तळ्यांत आजही आपल्या देशी गोगलगायी आहेत. जास्तीच्या परदेशी गोगलगायी तळ्यात 'सोडणं' ही दया नाही. दुसऱ्या टाकीवाल्याला द्याव्यात. कुणी घेत नसेल तर फ्रीजरमध्ये ठेवून मग ओल्या कचऱ्यात.

मावशी दिवाळीला आली होती. टाकीपुढे खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "अगं, आम्ही चुना टाकून मारतो, तू चुना घालून जगवतेस होय?" मग बराच वेळ काही न बोलता बघत राहिली. भोक पडलेली पिवळी तेव्हा समुद्रफेसावर बसली होती. तिचं टोक तसंच आहे, बोथट आणि पांढरं. तिथे नवा शंख येत नाही. पण टोकापासून खाली येताना एक आडवी रेघ लागते. तिच्या वर सगळं खरखरीत, खडूसारखं. आणि रेघेच्या खाली, बोटभर रुंदीचा, शहाबादी फरशी ठेवल्यानंतरचा शंख गुळगुळीत, पिवळाधमक आहे.